बॉलवरची लाल रेघ

आमच्या टाकानिनी उपनगरातल्या नव्या वसाहतीतले निम्मे रस्ते मी आखलेत. त्यामुळे ऑफिसच्या गोल्फ डेला माझा बॉल दरवर्षी उजवीकडच्या झाडीत जातो, हे मला सहन होईना. सर्व्हेयरचा नेम चुकतो म्हणजे काय!

म्हणून यंदा नवा ड्रायव्हर घेतला. लांब मारायच्या या काठीच्या डोक्यावर नेम धरण्यासाठी पांढरा बाण रंगवलेला आहे. शिवाय ओवीच्या, म्हणजे लेकीच्या, कंपासपेटीतली पट्टी घेऊन बॉलवर लाल मार्करने रेघ मारली. गोल बॉलवर पट्टीने रेघ मारता येत नाही, हे कळेपर्यंत चार बॉल वाया गेले होते.

पहिल्याच फटक्याला टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर, बॉल ठेवून मी रेघ लांबच्या खड्ड्यातल्या झेंड्याकडे वळवली. मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, तर ती केसभर डावीकडे. परत वाकलो. मग बाण रेघेला जुळवला. तोवर मागचा ग्रुप येऊन थांबला. "यू राइट, मेट?" सगळं ठीक आहे ना, असं त्यांच्यातल्या एका आजोबांनी विचारलं. मी नुसता हात वर केला. असल्या कामात घाई करून चालत नाही, हे यांना कोण सांगणार!

शेवटी सगळं एका रेषेत आलं. मी जीव खाऊन काठी फिरवली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून आकाशात पाहत राहिलो. बॉल इतका लांब गेला होता की दिसेचना!

"चारुदत्त," माझा पार्टनर धैर्यशील हळूच म्हणाला, "परत नेम धरत बसू नकोस. बॉल टीवरच आहे, आणि रेघ अजून झेंड्याकडेच आहे."