दाबा, थांबा, सोडा

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून हवेचा स्क्रू उघडायचा नि मिटायचा. मागच्या वेळी दातांच्या डॉक्टरने हे काम बायकोला सोबत घेऊन केलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. या खेपेला बायकोने आधीच सांगून टाकलं, "शनिवारी मला ऑफिसात जायचंय. आणि नसतं जायचं तरी गेले असते."

उरल्या सासूबाई. चार दिवस लेकीकडे राहायला आलेल्या.

त्यांना विचारायचं डॉक्टरच्या अगदी जिवावर आलं होतं. सासूबाईंनी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं, आणि जावई होण्याआधी तो त्यांचा विद्यार्थी होता. पहिल्याच परीक्षेत त्याने गाडी मागे घेताना खुद्द परीक्षकाची सायकल आडवी केली होती. हा प्रसंग सासूबाईंनी लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगितला होता, लपवाछपवी नको म्हणून. लग्नानंतर त्यांनी रीतीप्रमाणे 'अरे'चं 'अहो जावईबापू' केलं खरं, पण रागावल्या की जुना 'अरे' बाहेर यायचाच.

शिवाय खरी गोष्ट त्याने त्यांना सांगितलीच नव्हती. रविवारी त्याचा पहिला ट्रॅक डे होता. शहराबाहेर शर्यतीचा ट्रॅक होता. महिन्यातून एकदा तिथे कुणीही आपली रोजची गाडी न्यावी, डोक्यावर हेल्मेट चढवावं आणि रस्त्यावर जे करायला बंदी आहे ते मनसोक्त करावं. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या या माणसाला त्याचं असं काही वेड लागलं होतं, की पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंतच्या पाच मिनिटांतही तो ब्रेकवरचे लेख वाचत बसे.

"आई, जरा मदत हवी होती," तो चहा देता देता म्हणाला. "गाडीचं किरकोळ काम आहे. नुसतं ब्रेकचं पेडल दाबायचंय."

सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "अहो, जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

ते खरंच होतं. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. एकतीस वर्षं लोक चुकत होते आणि सासूबाई थांबवत होत्या.

गॅरेजमध्ये गाडी चार स्टँडवर चढवून ठेवली होती, चारी चाकं भिंतीशी टेकवलेली. डॉक्टरने पहाटेपासून बरंच उरकलं होतं. डिस्कची जाडी मोजून झाली होती, ब्रेकच्या रबरी नळ्या हिरड्या तपासाव्यात तशा बोटाने दाबून तपासल्या होत्या, नवे पॅड बसवले होते. आता जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरायचं होतं. हे नवं ऑइल जास्त तापलं तरी उकळत नाही. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे झाले की पेडल उशीत पाय रुतावा तसं खाली जातं नि गाडी थांबत नाही.

"नीट ऐका हं, आई. मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं. पेडल आपोआप खाली जाईल, जाऊ द्या. मी 'सोडा' म्हणेन तेव्हाच पाय उचलायचा. आधी उचललात तर हवा परत आत."

"कळलं हो. परीक्षेला मी बसलेले नाही."

पहिलं चाक बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्या चाकाशी डॉक्टर म्हणाला, "दाबा."

"दाबलं."

"सोडतो," असं म्हणून त्याने स्क्रू उघडला. सासूबाईंनी पाय उचलला. स्क्रूला लावलेल्या पारदर्शक नळीतून एक गलेलठ्ठ बुडबुडा ऐटीत आत गेला.

"आई! मी 'सोडतो' म्हटलं. 'सोडा' नाही म्हटलं!"

"मग दोघांनीही सोडायचंच कशाला ठेवलंत? तुम्ही 'उघडतो' म्हणा की."

मुद्दा बिनतोड होता. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या चाकापाशी मात्र नळी स्क्रूवरून निसटली, स्क्रू उघडा राहिला आणि डॉक्टर ओरडला, "थांबा!"

गाडीत बसलेल्या सासूबाईंना 'दाबा' ऐकू आलं. त्यांनी दाबलं. एकतीस वर्षांचा पाय तो! ऑइलची पिचकारी सरळ डॉक्टरच्या तोंडावर आली. दवाखान्यातला चष्मा डोळ्यांवर होता म्हणून निभावलं, पण कपाळ, केस, कान सगळं ओलंगच्च. आपण रोज लोकांच्या तोंडात पाणी मारतो ते त्यांना कसं वाटत असेल, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

"अरे, तूच म्हणालास ना दाबा?" सासूबाई दार उघडून खाली उतरल्या.

"थांबा म्हणालो, थांबा!"

"दाबा आणि थांबा! ब्रेकच्या कामात हे दोन शब्द एकत्र कुणी घेतं का? तोंड धू आधी. आणि गाडीवर पाणी ओत, नाहीतर ऑइलने रंग जाईल."

त्या फडकं शोधायला फळीकडे वळल्या आणि फडक्याखाली त्यांना ट्रॅकच्या प्रवेशाचा एक कागद सापडला. त्यावर 'क्रमांक सतरा' असा मोठा स्टिकर डकवलेला होता. त्यांनी कागद वाचला. डॉक्टर नळाखाली डोकं घालून उभा होता. पाणी बंद करून तो वळला तेव्हा कागद सासूबाईंच्या हातात होता.

"शर्यत?"

"शर्यत नाही, आई. कुणाशी स्पर्धा नाही. नुसतं..."

"नुसतं काय?"

"नुसतं जोरात."

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून तो ओल्या डोक्याने उभा राहिला. सासूबाईंनी कागद होता तिथे ठेवला.

"नवे पॅड चालवून बसवून घेतलेत?"

"दुपारी करणार होतो."

"मग उभे काय राहिलात? आता हुकूम मी देणार. मी 'एक' म्हटलं की उघडा, 'दोन' म्हटलं की मिटा. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

तासाभरात चारी चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. बोलायला बंदी असली की कामं किती भराभर होतात, हे डॉक्टर आपल्या पेशंटवरून ओळखून होताच.

दुपारी दोघं गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर गेले. शनिवारमुळे तिथे चिटपाखरू नव्हतं. नवे पॅड डिस्कला घासून जुळावेत म्हणून गाडी ऐंशीपर्यंत न्यायची, ब्रेक दाबून पंधरावर आणायची, पूर्ण थांबायचं नाही, आणि असं दहा वेळा. चार वेळा डॉक्टरने केलं.

"दात उपटल्यासारखा काय ब्रेक मारताय?" सासूबाई म्हणाल्या. "ओला कपडा पिळतो तसा हळूहळू आवळायचा. व्हा बाजूला."

त्या चाकामागे बसल्या. सीट पुढे घेतली, आरसे तीनदा बघितले, रिकाम्या रस्त्यालाही सिग्नल दिला. काटा पंचेचाळीसवर गेला आणि तिथेच बस्तान मांडून बसला.

"आई, ऐंशी."

"दिसतंय मला."

काटा पन्नासवर आला. पुढे सरकेना. रस्त्याचं टोक आलं, त्यांनी गाडी वळवली, पुन्हा पन्नास.

"मी ना," सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "याच्या वर कधी गेलेच नाही हो. आयुष्यभर शिकाऊ माणसं आणि गल्ल्या. घरची गाडी हे चालवायचे." 'घाबरू नका, काही होणार नाही' हे दवाखान्यातलं वाक्य डॉक्टरच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"रस्ता मोकळा आहे," एवढंच तो म्हणाला.

सासूबाईंनी पाय दाबला. साठ, सत्तर, ऐंशी. "अगं बाई!" त्या ओरडल्या, आणि असा रेशमी ब्रेक लावला की डॉक्टरची मान जागची हलली नाही. दहा वेळा करायचं होतं, त्यांनी एकट्यांनीच चौदा वेळा केलं. गाडीत तापलेल्या पॅडचा उग्र वास भरला. "अजून एकदा करू या," त्या दरवेळी म्हणत होत्या, "नीट बसले नसतील."

रविवारी त्या हातात थर्मास घेऊन डॉक्टरच्या आधी गाडीपाशी हजर होत्या. लेकीने दारातून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

ट्रॅकवर डॉक्टर पहिल्या फेरीत सगळ्यांच्या मागे होता. एक फुलवाला आपल्या इवल्याशा गाडीतून त्याला हात करून पुढे गेला. ब्रेक उत्तम होते, फेरीमागून फेरी पेडल तसंच घट्ट. ढिला होता तो चालवणारा. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी वळण दिसलं की त्याचा पाय कितीतरी आधीच ब्रेकवर जायचा, आणि मग वळणापर्यंत गाडी बैलगाडीसारखी रेटावी लागायची.

शेवटच्या फेऱ्यांत शेजारी माणूस बसवायची मुभा होती. सासूबाईंनी भाड्याचं हेल्मेट घातलं, अंबाडा आडवा आला म्हणून तो सोडून केस मोकळे केले, आणि पट्टा आवळून बसल्या.

सरळ पट्टा आला. वळण धावत अंगावर येऊ लागलं. डॉक्टरचा पाय शिवशिवला.

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "नाही म्हणते ना! नाही... आता! पीळ!"

त्याने पिळला. गाडी नाक खाली घालून दबली, वळणात अलगद शिरली आणि पलीकडे निघाली. डॉक्टर एवढ्या मोठ्याने हसला की हेल्मेटची काच धुरकटली. पुढच्या पट्ट्यावर त्यांनी फुलवाल्याला गाठलं. सासूबाईंनीच त्याला हात केला.

ब्रेक निवावेत म्हणून शेवटची फेरी हळू मारली. तापलेले पॅड चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे लावून गाडी उभी केली, आणि दोघांनी बॉनेटपाशी उभ्याने चहा घेतला. डॉक्टरने एकामागून एक तीन जांभया दिल्या. सासूबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

घरी येताना गाडी त्यांनी चालवली. चाळीसच्या वेगाने, प्रत्येक वळणाला सिग्नल देत. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. डॉक्टरला तो ऐकू आला नाही. पहिल्या सिग्नललाच त्याचा डोळा लागला होता.