नुसता टाइमपास

लातूरच्या दयानंदचा मी रोज शुक्रिया मानते. त्याच्या नावानं एकदा बोटंही मोडलीत. दोन्ही एकाच व्हिडिओपायी.

कंधारला बसस्टँडजवळ अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घड्याळं मोबाइलनं खाल्ली, तेव्हा मी हट्टानं तिथं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. अब्बा म्हणाले, "ईदपर्यंत बघू बेटा. न्हाई चाललं तर गाळा भाड्यानं." एवढ्यावर थांबतील तर ते अब्बा कसले! 'गाळा भाड्याने देणे आहे' अशी पाटीच रंगवून आणली आणि तोंड भिंतीकडं करून ठेवली. दुकान गेलं की मी घरात, हे ठरलेलं होतं. आणि घरात बसणं माझ्या रक्तात नाही.

महागडे कन्सोल मी ठेवलेच नाहीत. त्यांच्यामागं गेमवेडी पोरं येतात, बटणं दाबतात, मलाच प्रोसेसर शिकवतात आणि घेतात ऑनलाइन. मी ठेवला साधा, टीव्हीला जोडायचा. हातातली कांडी हलवली की पडद्यावर चेंडू धावतो, बाटल्या पडतात. ज्यानं जन्मात गेम खेळला नाही त्याच्यासाठी. अशी माणसं आमच्याकडं मायंदाळ, फक्त ती दुकानाची पायरी चढत नव्हती.

रमजानात दयानंदनं आपल्या यूट्यूब चॅनेलवर नेमका त्याच कन्सोलचा रिव्ह्यू टाकला. आमच्या भागात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा.

"मित्रांनो, हा नुसता टाइमपास आहे. ना कथा, ना आव्हान. इतका सोपा की माझी आईसुद्धा खेळते. एकदा घरच्यांच्या हातात गेला की परत मिळत नाही. खऱ्या गेमरनं लांबच राहावं."

मी रडले. रागानं जास्त. अब्बांनीही तो पाहिला होता. त्यांनी पाटीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या सिंधुबाई दुकानात शिरल्या. "माय, त्यो लातूरवाला सांगून राहिला न्हाई का, त्यो नुसता टाइमपास गेम तुझ्याकडं हाय का?"

"बाई, त्यानं नावं ठेवलीत त्याला."

"कुठं ठेवली? टाइमपास हाय म्हणला की! आमच्या सासूबाईचा टाइमच जाईना झालाय. त्याची माय खेळती, मंग आमची का न्हाई खेळणार?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बसमध्ये शेंगावाला हाच शब्द ओरडून माल खपवतो. दयानंदची शिवी आमच्याकडं तारीफ होती. मग लोक येतच राहिले, कुणी आईसाठी, कुणी रिटायर झालेल्या वडलांसाठी. सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. अब्बांची पाटी मात्र भिंतीशी तशीच.

बासी ईदेला, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवशी, शीरखुर्म्याचा डबा घेऊन मी लातूरला दयानंदचं घर गाठलं. कंधारची गेमवाली म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी माझं प्रामाणिक मत सांगितलं..."

"म्हणून तर आले. तुमचे लई उपकार झाले, भाऊ."

त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण हाय रे? आत घे की!" टीव्हीसमोर पदर खोचून, कांडी उगारून त्याची आई तुळजाबाई उभ्या होत्या. "बस माय. एवढा डाव होऊ दे."

"महिना झाला," दयानंद हळूच म्हणाला, "मला टीव्ही मिळंना."

मी पोट धरून हसले. मग सगळी हकिकत सांगितली, तसा तोही हसला. शीरखुर्मा मात्र तुळजाबाईंचा डाव संपल्यावरच वाढला गेला.

कंधारला उतरले. भिंतीशी ठेवलेली पाटी दुकानाबाहेर लावलेली लांबूनच दिसली. ईद तर होऊन गेली होती. अब्बांनी शेवटी गाळा भाड्यानं द्यायला काढलाच.

जवळ गेले. पाटी उलटी करून कोऱ्या बाजूवर लाल रंगात लिहिलं होतं, 'नुसता टाइमपास'. खाली बारीक अक्षरात, 'मोहियोद्दीन आणि बेटी'.

"हात लावू नको," अब्बा आतून म्हणाले, "रंग वला हाय अजून."

मी लावलाच.