बाराहात्याचे बारा हात

मित्रांनो, मी एक प्लास्टिकचा प्राणी आहे आणि मी रागावलेला आहे. स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलायचं असतं म्हणे. बाकीच्यांनी बोलावं. माझे हात गेलेत, मी गोड कुठून बोलू?

माझं नाव बाराहात्या. माझा ग्रह कुठेच नाही आणि माझी जात कधी जन्मली नाही. तरी ती नामशेष झाली, असं दृष्टिहीन मुलांच्या शाळेत चौथीच्या वर्गाने ठरवलं. सहा आठवडे भांडून त्यांनी मला घडवलं. शेपटीवरून तर दोघांनी चार दिवस अबोला धरला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पोटाखाली बारा बारीक हात हवेत, चालता चालता पिल्लांना धरून ठेवायला. मुलांनी मातीचा नमुना केला, बाईंच्या भावाने त्याची मापं घेऊन मला संगणकात उभं केलं आणि माझी रवानगी त्रिमितीय छपाईच्या दुकानात झाली.

तिथल्या यंत्राने थरावर थर चढवत अकरा तासांत मला छापलं. छापताना अधांतरी भाग ओघळू नयेत म्हणून यंत्र खालून बारीक टेकूही छापतं. ते नंतर पकडीने तोडायचे असतात. दुकानदार या कामात तरबेज होता, इतका की सोबतची चिठ्ठी वाचायची त्याला गरजच वाटली नाही. 'पोटाखाली बारा हात आहेत, ते टेकू नाहीत,' असं बाईंनी ठळक लिहिलं होतं. त्याने टेकूंबरोबर हातही तोडले. मग चिठ्ठी वाचली. खजील झाला का? छे. खुंटांवरून पॉलिश पेपर फिरवला आणि वर तोंड करून बायकोला म्हणाला, "प्राणी काल्पनिक, त्यात पोरांना दिसत नाही. कोणाला कळणार आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जबडा हलला असता तर मी त्याच्या बोटाला कडकडून चावलो असतो.

बाईंनी सकाळी घाईघाईत मला उचललं आणि तडक वर्गात आणलं. मुलांची बोटं माझ्या पाठीवरून, शिंगांवरून फिरू लागली. सगळी खूश होती. टिल्ली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. तिने पहिल्यांदा पोटाखालीच हात घातला. तिचं बोट एका खुंटावर थांबलं, मग दुसऱ्यावर. तिने बाराही मोजले.

"बाई, याचे हात कुणीतरी कापलेत."

बाईंनी मला उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलांचा विरस नको म्हणून त्या सावरून घ्यायला लागल्या, की हा कदाचित आखूड हातांचाच असेल. तेव्हा मला त्यांचाही राग आला.

"कापलेलं हाताला कळतं, बाई," टिल्ली म्हणाली. "तुम्ही नुसतं बघता."

बाईंनी सगळ्या वर्गाची माफी मागितली आणि तिथूनच दुकानदाराला फोन लावला. चोर तो चोर वर शिरजोर! एवढं काय त्यात, खेळणंच तर आहे, असं तो म्हणाला. बाईंनी त्याला दुसरा बाराहात्या घेऊन स्वतः वर्गात यायला सांगितलं.

तो आला. मुलांनी त्याला डोळे मिटायला लावून आधी मला त्याच्या हातात दिलं. त्याचा अंगठा पोटाखालच्या खुंटावर येऊन थांबला. मग एकेक करून त्याने बाराही खुंट मोजले.

नवा बाराहात्या आता मुलांच्या टेबलावर आहे. मी त्याच्या शेजारी आहे, कारण मुलांनी मला टाकू दिलं नाही. मित्रांनो, ज्याचा उपयोग तुम्हाला कळत नाही ते तोडण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमची जात कशाने संपली, हे तेवढं ठरायचं राहिलं होतं. कोणी ज्वालामुखी म्हणत होतं, कोणी दुष्काळ. परवा टिल्लीने ब्रेलमध्ये टोचून लिहिलं आणि वर्गाला वाचून दाखवलं: 'त्यांचे हात कापले. मग पिल्लं पडली.'