भाग संपेपर्यंत

छोटूची पन्नाशी केव्हाच उलटली होती, डोक्यावर मोजके केस उरले होते आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणत होती. पण घरात तो छोटूच. घर म्हणजे तरी कोण, तर दुकानाच्या वर राहणारी त्याची थोरली बहीण, ताई. दोघांनीही लग्नाच्या भानगडीत न पडता एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत आयुष्य काढलं होतं, आणि दोघांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

या छोटूने एका संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि जिना चढून वर येऊन जाहीर केलं की आपण मॅरेथॉन धावणार. ताईने आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांचे वडील, अप्पा, चोपन्नाव्या वर्षी गेले होते आणि छोटूला यंदा चोपन्न पूर्ण व्हायची होती. त्याच्या आत धावून दाखवतो, एवढंच तो म्हणाला. कुणाला दाखवतो ते त्याने सांगितलं नाही आणि ताईनेही विचारलं नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण अप्पांचं जाणं ही या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट होती. अप्पा गेले ते थिएटरात. पडद्यावर खुनी कोण ते आता कळणार, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि नेमक्या त्या क्षणाला अप्पांचं काळीज थांबलं. आईने ही गोष्ट मुलांना इतक्या वेळा सांगितली होती की त्यांना ती स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. तुमच्याकडे गोष्ट थेट छातीत शिरते, आई म्हणायची, आणि त्या म्हणण्यात दुःखापेक्षा अभिमानच जास्त असायचा. कुणाला बापाकडून जमीन मिळते, कुणाला नाक मिळतं. या दोघांनी हे घेतलं. गोष्ट रंगात आली की दोघांचाही हात छातीवर जायचा, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायची.

आठवड्याभरातच छोटूला कळलं की धावणं म्हणजे निव्वळ कंटाळा. पाय दमायच्या आधी डोकं दमतं. तेव्हा ताई कामाला आली. ती अंधांच्या एका ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. कपड्यांचं मोठं कपाट रिकामं करून आत चारी बाजूंनी रजया लटकवल्या होत्या. त्यात माइक, दिवा, स्टूल आणि ताई. आवाज असा की वाण्याची यादी वाचली तरी माणूस पुढे काय म्हणून थांबेल. तीच पुस्तकं आता छोटूच्या कानात जाऊ लागली आणि बहीण-भावाचा नियम ठरला: भाग संपेपर्यंत थांबायचं नाही.

त्याचं अंतर वाढलं तसे ताईने भाग लांबवले. एका प्रकरणाला दुसरं जोडायचं, मधलं शीर्षक गाळायचं, की याला थांबायला जागाच नाही. शिवाय छोटूच्या प्रतीत ती एक चावटपणा करायची. जिथे तो दमत असेल असा तिचा अंदाज, तिथे वाचता वाचता मध्येच म्हणायची, ‘थांबायचं नाही हं, छोटू. आता तर खरी मजा आहे.’ आणि पुन्हा गोष्ट सुरू.

घामाने निथळत तो परत यायचा आणि पायरीवर बसूनच सांगायचा. ती बाई विहिरीत वाकून बघते ना, तिथे छातीत असं आवळलं की काय सांगू. पुढच्या पुस्तकात तर डावा हातच बधिर झाला म्हणाला. ताई खूष. पुस्तक वाचून दाखवणाऱ्या माणसाला याहून मोठी दाद ती कोणती मिळणार? ती मग याहून भयंकर पुस्तक शोधायची. दुकानात नेहमी येणारा एक डॉक्टर नवा चष्मा नाकावर बसवून बघता बघता म्हणाला होता की या वयात धावायचं तर आधी हृदय तपासून घ्या. छोटूने हसून त्याच्या चष्म्याची दांडी नीट केली. रोज धावणाऱ्या माणसाचं काय तपासायचं, असं त्याने वर येऊन ताईला विचारलं, आणि ताईनेही मान डोलावली. हे मान डोलावणं नंतर तिला फार दिवस पुरणार होतं.

आठवड्यातला लांबचा पल्ला झाला की संध्याकाळी सिनेमा. दुकान बंद करून डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता भिंतीवरून उतरवायचा, त्या जागी प्रोजेक्टरचा उजेड पाडायचा आणि दोघांनी शेजारी शेजारी गरम पाण्याच्या बादल्यांत पाय सोडून बसायचं. पाय दुखायचे एकाचे, पण बादल्या दोन. बाकीच्या तिन्ही भिंतींवर रिकाम्या फ्रेमांच्या रांगा होत्या आणि पडद्यावरचा उजेड त्यांच्यावर हलत राहायचा. एरवी ताईला ते आवडायचं. हल्ली का कोण जाणे, त्या रांगांकडे तिची पाठ असली की तिला बरं वाटत नसे.

मॅरेथॉनला थोडे दिवस उरले असताना त्यांनी एक सिनेमा पाहिला. एक म्हातारा आपली होडी रंगवतो, बस. पहिल्यापासून शेवटपर्यंत होडीच रंगवतो. ताईच्या डोळ्यांवर झापड यायला लागली होती. तिने सहज शेजारी पाहिलं, तर छोटूने सदऱ्याचा छातीवरचा भाग मुठीत धरला होता आणि कपाळावर घाम चमकत होता. काय झालं रे, तिने विचारलं. फार सुंदर आहे गं, तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. ताईने पडद्याकडे पाहिलं. म्हातारा ब्रश धूत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण आपल्या माणसाबद्दलची अशी पाल माणूस हाकलून लावतो. तिनेही लावली, आणि बादलीत थोडं गरम पाणी ओतलं.

पुढच्या रविवारी सरावातला सगळ्यात मोठा पल्ला होता. त्यासाठी ताईने एका कादंबरीचा शेवट राखून ठेवला होता. जुन्या इमारतीच्या रखवालदाराला पुस्तकभर तळघरातून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येतो आणि शेवटी तो कुलूप उघडतो. तिने तीन प्रकरणं जोडून एकच सलग भाग केला होता. छोटू उजाडता उजाडता निघाला. फोनची घंटी त्याने नेहमीप्रमाणे, ताईच्याच सांगण्यावरून, बंद केली, कारण मध्येच कुणाचा फोन आला तर गोष्टीचा विचका होतो.

ताईच्या डोक्यात एक बेत होता. मॅरेथॉन झाल्यावर अप्पांचा तो शेवटचा सिनेमा शोधून काढायचा आणि दोघांनी मिळून पाहायचा. नाव आईने कधी सांगितलं नव्हतं. आई आता नव्हती, पण मावशी होती, आणि त्या दिवशी मावशीही त्यांच्याबरोबर थिएटरात होती. ताईने तिला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, तो खुनाचा सिनेमा कुठला गं?

“कसला खून?” मावशी म्हणाली. “पिक्चर सुरू कुठे झाला होता?”

ताईला वाटलं, मावशीचं आता वय झालं. तिने शेवटचा प्रसंग, खुनी, श्वास रोखून बसलेले लोक, सगळं आठवण करून दिलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

“दिवे चालू होते गं बाळा. साबणाची जाहिरात लागली होती. तुझी आई खुर्चीचा नंबर शोधत होती, तेवढ्यात ते बसले ते बसलेच. महिनाभर छातीत दुखतंय म्हणत होते, कुणी मनावर घेतलं नाही. तुम्ही लहान होतात. तिला काय सांगावं कळेना, मग तिने पिक्चरची गोष्ट केली. पुढे तिलाच ती खरी वाटायला लागली.”

ताईने फोन खाली ठेवला तेव्हा तिला होडी दिसत होती. ब्रश धुणारा म्हातारा आणि मुठीत धरलेला सदरा. त्या ब्रशात छातीत शिरण्यासारखं काय होतं? विहिरीत तरी काय होतं? तिने छोटूला फोन लावला, पुन्हा लावला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो उचलणारच नाही. ही व्यवस्था तिनेच लावून दिली होती.

शेजारचा किल्लीवाला नुकताच दुकान उघडत होता. ताईने त्याला नीट काही सांगितलंसुद्धा नाही, पण तिचा चेहरा बघून त्याने हातातलं कुलूप तसंच टाकलं आणि स्कूटर काढली. कुठे जायचं, त्याने विचारलं. ताईने डोळे मिटले. आत्तापर्यंत किती वाचून झालं असेल? रखवालदार जिना उतरला असेल, कंदिलातलं तेल संपलं असेल. म्हणजे छोटू नदीचा पूल ओलांडून पाण्याच्या टाकीच्या चढाला लागला असणार. आणि तिथेच, चढ दमवतो हे ठाऊक असल्यामुळे, तिने तो चावटपणा केला होता. तिथे तर तिने ते वाक्य दोनदा म्हटलं होतं.

वाटेभर ती मनातल्या मनात भाग उलटा वाचत होती, जणू तसं केल्याने त्याच्या कानातलं वाचन मागे सरकणार होतं. पुलावर कुणी नव्हतं. चढ सुरू झाला. एक बाई कुत्रा फिरवत होती, दोन तरुण मुलं हसत खाली पळत गेली. प्रत्येक वळणाला ताईला वाटायचं की रस्ता मोकळा असावा, आणि मोकळा दिसला की आणखी भीती वाटायची.

टाकीच्या भिंतीला टेकून तो बसला होता. पाय पुढे पसरलेले, चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. पण डोळे उघडे होते. भाग संपायच्या आत तो आजवर कधी थांबला नव्हता. ताई स्कूटर पुरती थांबायच्या आत उतरली. किल्लीवाल्याने न सांगता रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पत्ता मोठ्याने सांगायला लागला.

“एकच मिनिट गं,” छोटू तिला बघून म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा होता. “कुलूप उघडतोय तो. काय वाचलंस तू. असं आवळलं ना...”

तिने त्याच्या एका कानातला इयरफोन ओढून काढला. तो तिच्या हातात बोलत राहिला, तिच्याच आवाजात, लाडात येऊन: थांबायचं नाही हं, छोटू. आता तर खरी मजा आहे. ताईने मूठ आवळली. आपल्याच आवाजाचा एवढा तिटकारा तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

“छोटू, ऐक. अप्पा पिक्चर बघून नाही गेले.”

तो हसल्यासारखा झाला.

“मावशीला विचारलं मी आत्ता. पिक्चर सुरूच झाला नव्हता. दिवे चालू होते.”

“मग काय बघून?”

“काही बघून नाही रे. साबणाची जाहिरात होती. त्यांना महिनाभर दुखत होतं.”

छोटूच्या दुसऱ्या कानात रखवालदार अजून कुलूप उघडतच असणार. त्याने हळूहळू हात वर नेला, तोही इयरफोन काढला आणि शेजारी गवतात ठेवला. आता त्या चढावर कुठलीच गोष्ट चालू नव्हती. नुसता त्याचा श्वास, आणि पुलाच्या बाजूने लांबून येणारा रुग्णवाहिकेचा भोंगा. त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक विरून गेलं आणि त्या जागी लहानपणी अंधाराला भिणारा छोटू आला. त्याने ताईचा हात घट्ट धरला.

“ताई,” तो म्हणाला, “दुखतंय गं.”

इतक्या महिन्यांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता.