कुशाबाईचा दहावा

"दाजी, मिश्रीची डबी ठेवा पिंडाशी. त्याबगर शिवायचा न्हाय कावळा," ठमाबाई म्हणाली.

"आक्का, त्या मिश्रीनंच तोंड सडलं तुमच्या भनीचं!" सर्जेराव वैतागले. "मुंबईच्या डाक्तरनं सांगितलं तवा तुमीबी हुता की तितं."

"डाक्तर काय, कायबी सांगत्यात. आमची आय मिश्री लावून म्हातारी हून मेली."

बोलता बोलता ठमाबाईनं स्वतःच्याच दातांवरून बोट फिरवलं. सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. हल्ली त्यांची लेक रतनही मावशीच्या डबीत बोट घालू लागली होती.

सकाळपासून काटेवाडीची सगळी भावकी कऱ्हेकाठी उन्हात बसली होती. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही आणि तो शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. त्यामुळं जो तो कुशाबाईची इच्छा शोधत होता. कुणी रतनच्या लग्नाचं वचन दिलं, कुणी लुगडं ठेवलं.

खरी इच्छा सर्जेरावांना ठाऊक होती. कॅन्सरच्या दवाखान्यात कुशाबाईला घास गिळवत नव्हता, तेव्हा धर्मादाय मंडळाच्या बायका रोज पेज आणून चमच्यानं भरवायच्या. ना ओळखीच्या, ना पाळखीच्या. "यांचं खाल्लंय आपण," ती कशीबशी म्हणाली होती, "गुऱ्हाळ लागलं की पयली ढेप हितं धाडा."

सर्जेराव उठले. पिंडापुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "कुशे, दर साली पयली ढेप त्या बायांच्या चुलीला धाडीन. आता तरी येऊ दे त्याला."

"पयली ढेप देवाची आसती, लेका," चुलते आबासाहेब म्हणाले. "आन् कावळ्याला काय कळतंय मुंबईतलं?"

दोघं-तिघं हसले. कावळा जागचा हलला नाही.

"बघा!" म्हणत ठमाबाईनं कमरेची डबी काढली. रतन टक लावून बघत होती. सर्जेरावांनी डबी हिसकावली आणि नदीत भिरकावली.

भटजींनी सुस्कारा सोडला, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. भुकेली माणसं भराभर उठली.

"जीव अडकिवलासा तिचा, दाजी," ठमाबाई रडू लागली.

"अडकू दे. माझ्यापाशीच अडकंल न्हवं?"

गाडी जुंपून सर्जेराव पुढं बसले. शेजारी जागा मोकळी बघून ठमाबाई तिथं चढू लागली.

"मागं बसा, आक्का," ते म्हणाले आणि अंग चोरून आणखी जरा कडेला सरकले.