फक्त जमालवर धावणारा कोंबडा

अठरा वर्षं कतारला, दोह्यात एसी दुरुस्त करून जमाल २००९च्या जानेवारीत पनवेलला कायमचा परत आला. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून निघून परसातून घराकडे येताना बायकोच्या कोंबड्यानं त्याच्या पोटरीवर झेप घेतली. पायामागचं टोकदार नख आत घुसलं, लुंगीला रक्त लागलं. जमालनं सणसणीत लाथ हाणली. कोंबडा दोन हात लांब पडला, उठला आणि मानेची पिसं फुलवून पुन्हा आला.

मुबीनानं जखमेवर हळद दाबली. तिला नवल वाटत होतं. सहा वर्षं ती कोंबड्या पाळत होती. परसात सात कोंबड्या होत्या आणि हा एक, तांबूस अंगाचा, काळ्या शेपटीचा. तो कधी तिच्यावर गेला नव्हता, मुलीवर, फरहावर गेला नव्हता. वीजमीटर बघायला येणारा माणूससुद्धा स्वयंपाकघरातून बिनधास्त मागे जाऊन येई. जमाल म्हणाला, जुम्म्याला याचं सालन कर. मुबीना म्हणाली, मग मुंगूस आल्यावर कोंबड्यांना सावध कोण करणार?

फरहा शांतपणे म्हणाली, "पण अब्बा, तुमच्यावरच का?"

तो प्रश्न जमालच्या डोक्यात बसला. बिघडलेलं यंत्र तो कधी एकदम उघडत नसे. एकच गोष्ट बदलायची, चालू करायचं, बघायचं. दुसऱ्या दिवशी तो लुंगीऐवजी पँट घालून न्हाणीतून निघाला. कोंबडा आला. मग चपला काढून बघितल्या, अत्तर लावायचं सोडलं. एकदा तर फरहाची ओढणी डोक्यावरून घेतली. शेजारच्या नावेदनं भिंतीवरून ते पाहिलं आणि तोंडातला ब्रश काढून विचारलं, तब्येत ठीक आहे ना? कोंबडा तरीही आलाच.

मग जमालनं प्लॅस्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओढली आणि नुसतं बघत बसला. सुरुवातीला रागानं, नंतर राग कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. कोंबड्याला किडा सापडला की तो स्वतः खात नसे. चोचीत उचलून खाली टाके, पुन्हा उचले, घशातून बारीक कुटकुट आवाज काढी, आणि कोंबड्या धावत येऊन तो किडा पळवत. एकदा त्यानं तसाच आवाज केला, पण खाली काहीच नव्हतं. कोंबडी आली, फसली, आणि हा एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फिरू लागला. जमाल एकटाच हसला. मुबीनाला बोलावून त्यानं ते सांगितलं. ती म्हणाली, सहा वर्षांत मी हे पाहिलंच नाही, मला कामं होती.

आठव्या की नवव्या दिवशी त्याला एक गोष्ट खटकली. वरून घार गेली की कोंबडा मान तिरकी करून आभाळाकडे बघे. दर वेळी डावाच डोळा वर. घार उजवीकडून आली आणि कोंबड्या ओरडल्या तरी तो आधी सगळं अंग फिरवी.

गुरुवारी साळू आली. ती कर्नाळ्याकडच्या वाडीतून रानभाज्या घेऊन येई. हा कोंबडा पिल्लू असताना मुबीनानं तिच्याकडूनच घेतला होता. जमालनं तिला अंगावर येण्याचं आणि घारीचं सांगितलं. साळूनं टोपली खाली ठेवली, कोंबड्याच्या डाव्या अंगाला उगाच हात हलवत त्याचं लक्ष वेधलं आणि दुसऱ्या हातानं उजवीकडून त्याला अलगद उचललं. जमालच्या काखेत देत ती म्हणाली, "पंख दाबून धरा. घट्ट नाय, पन सोडू बी नका."

जमालच्या बरगडीला त्याचं काळीज धडधडताना लागलं. इतकं जोरात की जमाल स्वतःची भीती विसरला. त्यानं डावीकडून बोट जवळ नेलं. पापणी मिटली. उजवीकडून नेलं. काहीच नाही. उजवा डोळा वरून चांगला दिसत होता, पण उन्हात धरला तरी बाहुली बारीक होत नव्हती.

साळू म्हणाली, लहानपणी कावळ्यानं टोचलं असेल. मग तिनं परसाकडे नजर फिरवली. सकाळी दाण्याच्या वेळी कोंबडा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभा असतो. न्हाणी त्याच्या उजवीकडे.

"बाकीची समोरनं येतात, बोलत येतात. तुमी आंधळ्या अंगानं येता, मुक्यानं," ती म्हणाली. "आनि पयल्या दिशी मारलंत ना त्याला?"

लाथेचं जमालनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं होय म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीचं दार उघडण्याआधी तो खाकरला. मग जरा लाजत मोठ्यानं म्हणाला, "जमाल येतोय." आत मुबीना भाकरी थापत होती. तिनं ऐकलं, पण हसली नाही. कोंबडा अंग फिरवून त्याच्याकडे बघत राहिला. त्यानंतरही दोनदा त्यानं चाल केलीच. जमाल जागचा हलला नाही, आणि कोंबडा हातभर अंतरावर थांबून जमीन टोचू लागला. महिनाभरात त्यानं अंगावर यायचं सोडलं.

मार्चमध्ये एक कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली. मुबीनानं तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. जमालनं प्रत्येकावर पेन्सिलीनं वरच्या बाजूला फुली मारली. संध्याकाळी फुल्या वर नव्हत्या. त्यानं मुबीनाला विचारलं, ही अंडी उलटते कशी? मुबीनाला माहीत नव्हतं. तिनं तव्याखालचा गॅस बारीक केला आणि ओले हात पदराला पुसत त्याच्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ कोंबडी हलली नाही. मग तिनं चोच पोटाखाली घातली आणि एक अंडं हळूच स्वतःकडे ओढलं.