उजनीच्या गाळातली घंटी

माझ्या पोटात एक लोखंडी लोळा लोंबतो. पूर्वी तो माझ्या दोन्ही कडांवर सारखाच आपटायचा. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो डाव्याच कडेवर आपटू लागला. तिथले पितळ घासून चकचकीत झाले आणि उजवी बाजू काळवंडली. ज्याच्या गळ्यात मी होते, त्याची मान एका अंगाला कलली होती, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, मी मेंढरांच्या कळपातली एक जुनी पितळी घंटी आहे. कासाराच्या भट्टीत मी ओतली गेले आणि मोहोळच्या बाजारात तात्याबांनी मला घेतले. घेण्याआधी त्यांनी मला लांब धरून पुन्हा पुन्हा वाजवले. मी कशी दिसते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. आवाज दूर जायला हवा होता. मग मी एका पांढऱ्या बोकडाच्या गळ्यात गेले. तो कळपाच्या पुढे चालायचा, म्हणून तात्याबांच्या बायकोने, मायाक्कांनी, त्याचे नाव सरपंच ठेवले होते.

मेंढरे मान खाली घालून चालतात. माझा आवाज जाईल तिकडे ती जातात. धुळीच्या वावटळीतून, हायवेच्या पुलाखालून, उसाच्या फडांच्या कडेकडेने मी त्यांना नेले. "ही वाजती तवर मला डोळं मिटून चालता येतं," असे तात्याबा म्हणायचे. ते ऐकायला मला फार आवडायचे.

सरपंच म्हातारा झाला. त्याच्या कानातून पाणी गळू लागले. सरळ चालता चालता तो डावीकडे ओढला जाऊ लागला.

"अवो, काळ्या शेळीला बांधा की ती घंटी," मायाक्का म्हणायच्या.

"बगू की, घाई काय हाय?"

"सरपंचाची मुदत कवाच संपली. तुमीच खुर्ची सोडू दीना त्याला."

तात्याबा हसत उठून जायचे. त्यांची खरी अडचण मला ठाऊक होती. पुढचा बोकड मागे गेला, की लोक त्याचा भाव विचारतात, आणि विचारणारा बहुधा खाटीक असतो.

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी मागे सरले आणि काठाचा गाळ उघडा पडला. वरून तडकलेली कोरडी खपली, खाली लोण्यासारखा चिखल. त्या दिवशी मायाक्कांबरोबर तात्याबांची लेक सोनालीही कळपामागे होती. ती कोकण किनाऱ्यावर समुद्री प्राण्यांचा अभ्यास करते. सुट्टीला घरी आली होती. तात्याबा काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारीपाशी पाणी प्यायला थांबले. सरपंच डावीकडे वळत वळत सरळ गाळात शिरला आणि पोटापर्यंत रुतला. मागची मेंढरे माझ्या आवाजावर आली, तीही रुतली.

तिघांनी दोर लावून एक मेंढी ओढून काढली. ती कोरड्यावर उभी राहिली, अंग झाडले, कान टवकारले आणि परत गाळात गेली. दुसरीनेही तेच केले. सरपंच सुटायला धडपडायचा, तो धडपडला की मी वाजायचे आणि मी वाजले की काढलेली मेंढरे परत आत. मला गप्प बसायचे होते. पण ते घंटीच्या हातात नसते.

सोनालीने गाळावर एक जुने घोंगडे अंथरले, त्यावरून ती सरपटत आली आणि तिने मूठभर चिखल माझ्या तोंडात कोंबला.

"आई, आता तू हाळी दे!"

मायाक्कांनी काठावरून हाळी दिली. बाहेर काढलेली मेंढरे या वेळी त्यांच्याकडे वळली. मग एकेक करून बाकीची निघाली, शेवटी सरपंच. एक गाभण मेंढी मात्र गाळातच दगावली.

घरी आल्यावर तात्याबा सरपंचाच्या अंगावरचा चिखल पुसत बसले. मग सोनाली म्हणाली, "आबा, हेच मी समुद्रावर बघितलंय. डॉल्फिन वाळूवर आले होते. आमी एकेकाला पाण्यात नेऊन सोडायचो, आन ते परत यायचे. एक आजारी काठावर पडून शिट्ट्या घालत होता. त्याला सोडून जायला कुणी तयार न्हवतं."

"तितं बी सरपंच होता म्हन की," मायाक्का म्हणाल्या.

"पुढारी होता का न्हाय, ते न्हाय सांगता यायचं. पण एकमेकाला सोडत न्हाईत, एवढं खरं."

"माशाला पान्यात वाट चुकती व्हय?" तात्याबांनी विचारले.

"मासा न्हाय आबा, पिल्लाला दूध पाजतो त्यो. आवाज करायचा आन पडसाद ऐकून वाट काढायची, अशी त्याची रीत. उतरत्या वाळूवरनं पडसाद नीट माघारी येत न्हाय. कधी जहाजांचा, पाण्याखालच्या यंत्रांचा गोंगाट असतो. कधी माशांच्या मागं उथळात येतात आन ओहोटी लागती. काही जाळ्यात अडकून जखमी झालेले असतात. काहींच्या कानात किडं सापडतात."

"कानात?" तात्याबांचा हात नकळत सरपंचाच्या कानाकडे गेला. "मंग ह्यातलं खरं कारन कंचं?"

"दर वेळी येगळं. कधी दोन-तीन मिळून. लई वेळा कळतच न्हाय. आन कळतं तवा तो मेलेला असतो."

तात्याबांनी मला सोडून मांडीवर घेतले आणि काडीने माझ्या तोंडातला गाळ काढू लागले.

मित्रांनो, समुद्र मी कधी पाहिलेला नाही. पण वाळूवर पडून आपल्यांना हाका मारणाऱ्या त्या जिवाचे दुःख मला कळते. त्याला कुणाला बुडवायचे नव्हते, सरपंचालाही नव्हते. पुढे चालणाऱ्यावर सगळे विसंबतात, म्हणून त्याचे दुखणे कुणाला दिसत नाही. तुमच्याकडेही असा कुणी असेल. तो धडपणे चालतो आहे तोवरच त्याच्याकडे नीट बघा.

"सकाळी जनावराच्या डॉक्टरला बलीव," तात्याबा सोनालीला म्हणाले. मग त्यांनी मला मायाक्कांच्या हातात दिले.

"काळीला बांध ही. सरपंच आता माझ्यासंगं मागनं चालंल. आन त्याला इकायचा न्हाय, सांगून ठिवतो."